सातापैकी एक

पोपटीचा वास आला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. पौष लागला की आमच्याकडे पळस्प्याच्या पुढच्या शेतांमधून संध्याकाळी धूर दिसायला लागतो. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कुणाकडे कोंबडीसुद्धा, आत-बाहेर भांबुर्ड्याचा पाला, मडकं पालथं घालायचं आणि वरून पेंढा पेटवायचा. तो कडवट, हिरवा, जळका वास वाऱ्यावर नवीन पनवेलच्या सेक्टरांपर्यंत येतो. शेजारपाजारच्या लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, पोरं 'चला ना, चला ना' करून बापाच्या मागे लागतात. आणि मी गॅलरीतले कपडे काढता काढता थांबते. मला तो निळा उजेड दिसायला लागतो.

यंदा जरा जास्तच झालं. भावाची मुलगी दीड महिन्यांची झाली, तिला लस द्यायची होती. वहिनी म्हणाली, तुम्ही चला ताई, मला बघवत नाही. मला बघवतं असा घरात समज आहे. गेलो. दवाखान्यातली मुलगी हसतमुख होती. 'काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं,' असं म्हणून तिनं मांडीत सुई घातलीसुद्धा. छकुलीच्या भुवया एकदम जवळ आल्या, मध्ये फुगवटा आला, तोंड उघडलं पण आवाज नाही, मग पाय ताठ, मग हात, मग तो श्वास अडकलेला क्षण, आणि मग किंकाळी. माझ्या तोंडून पटकन निघालं, 'सात.'

'काय सात?' वहिनी रडवेल्या तोंडानं म्हणाली.

'काही नाही गं,' म्हटलं. 'घे तिला, छातीशी धर.'

दहा-बारा वर्षं झाली. तेव्हा पनवेलला विमानतळ येणार येणार अशी नुसती हवा होती, जमिनीचे भाव मात्र विमान सुटल्यासारखे वर चाललेले. माझं कॉलेज संपलं होतं, पुढचं काय ते ठरत नव्हतं, आणि आईला मी दिवसभर घरात नको होते. जुन्या पनवेलमध्ये एक मुलांचं रुग्णालय होतं. नाव घेत नाही. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणजे कर्णिक मॅडम. उंच, सडपातळ, मोजकं बोलणाऱ्या. त्यांना त्या हिवाळ्यापुरती एक मुलगी हवी होती. नर्स नको, डॉक्टर नको, बाहेरची कुणीतरी हवी, जिला नीट बघता येईल आणि स्वच्छ लिहिता येईल. मी गेले. त्यांनी विचारलं, 'रडणाऱ्या मुलाकडे बघत उभी राहू शकशील? हात न लावता?'

मी म्हटलं, 'हो, त्यात काय?'

तेव्हा मी फार शहाणी होते.

काम असं होतं. नर्सरीत जन्मून चार-आठ दिवस झालेली बाळं असत. कुणाला कावीळ, कुणाचं वजन कमी, कुणाची साखर तपासायची. त्यांच्या टाचेला रोज टोचावं लागे, थेंबभर रक्तासाठी. मॅडमचं म्हणणं असं की टोचणाऱ्या माणसाला कधीच वाटत नाही की दुखलं. तो म्हणतो, नाही हो, फार नाही रडलं. आणि आईला विचारावं तर तिला वाटतं जीवच गेला. म्हणून तिसऱ्या माणसानं बाजूला उभं राहून बघायचं आणि लिहायचं. एक छापील कागद होता. चेहरा, रडणं, श्वास, हात, पाय आणि जाग असे सहा रकाने. रडण्याला दोन मार्क, बाकी प्रत्येकाला एक. एकूण सात. शून्य म्हणजे बाळ मजेत, सात म्हणजे बाळाचे हाल. गळ्यात स्टॉपवॉच, हातात पॅड. टोचण्याआधी एक मिनिट बघायचं, टोचताना बघायचं आणि नंतर बघायचं. हात लावायचा नाही, बोलायचं नाही, चुचकारायचं नाही.

आणि त्या कागदावर एक गोष्ट ठरायची. ज्या बाळाचे मार्क चार किंवा वर, त्याला पुढच्या वेळी आईच्या मांडीवर घेऊन टोचायचं आणि आधी जिभेवर साखरपाण्याचे दोन थेंब. चारच्या खाली आले तर नेहमीप्रमाणे टेबलावर. सगळ्यांनाच मांडी का नाही, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, इतक्या आयांना वरच्या वॉर्डातून जिने उतरवायला माणसं नाहीत माझ्याकडे, टाके घातलेल्या असतात त्या. आणि साखर काही उगीच पाजायची वस्तू नाही. ज्याला गरज, त्याला आधी. मला पटलं. अजूनही पटतं.

टोचायचं काम म्हात्रे सिस्टरांचं. त्या इथल्याच, गावाकडच्या, वीस वर्षं मुलांमध्ये काढलेल्या. दंड हा एवढा, आणि बोटं इतकी हलकी की विचारू नका. त्यांनीच मला सांगितलं की हिवाळ्यात नर्सरी भरते. का, तर आपल्याकडे लग्नं सगळी माघापासून वैशाखापर्यंत. 'हिशोब कर ना,' त्या डोळे मिचकावून म्हणायच्या, 'हळदीला नाचतात, आनि पौषात माज्या नर्सरीत येतात. ही सगली लग्नसराईची पोरं.' मी लाजायचे. मग आम्ही दोघी त्या लालबुंद, सुरकुतलेल्या लग्नसराईच्या ऐवजाकडे बघत बसायचो.

त्या दिवसांचं काय काय आठवतं. स्पिरीटचा गार वास, त्यात आयांच्या अंगाचा शेपा-ओव्याच्या धुरीचा वास मिसळलेला. काविळीच्या बाळांवर तो निळा उजेड. डोळ्यांवर काळ्या पट्ट्या बांधून ती उघडीनागडी त्या उजेडात पडलेली असत, सगळं अंग निळं. टोचायला बाहेर काढलं, पट्टी सोडली की ती इतक्या गोंधळून बघत. ज्यांना जिने उतरता येत त्या आया बाहेर व्हरांड्यात बसत. आत कुणाचंही बाळ रडलं की सगळ्याच जणी उठून काचेशी येत आणि पाच-सहा जणींच्या गाऊनला पुढून ओल आलेली असे. पोर एकीचं, पान्हा सगळ्यांना. ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडून आले होते. नंतर सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हे मला पूर्वी कौतुकाचं वाटायचं.

आणि प्रत्येकाचं रडणं वेगळं. एक कर्कश पोरगी होती, उरण रस्त्यावरच्या कंटेनरगाडीच्या हॉर्नसारखी, तिला आम्ही 'ट्रेलर' म्हणायचो. एक होता तो रडायच्या आधी शिंकायचा. घरी आल्यावर मी आईला एकेकाची नक्कल करून दाखवायचे. बाबा म्हणायचे, पोरगी कामाला लागली की नाटकात? रात्री अंथरुणावर पडले की मात्र सगळ्यांच्या भुवया दिसायच्या. भुवयांपासून सुरुवात करायची, असं मॅडमनी शिकवलं होतं. रडू नाटकी असू शकतं, पण दोन भुवयांच्या मधला तो फुगवटा खोटं बोलत नाही. म्हणून मी प्रत्येक बाळाच्या कपाळाकडे टक लावून बघायचे आणि मग खाली मान घालून लिहायचे. बाहेरून ते कसं दिसत असेल, याचा मी विचारच केला नव्हता.

उरणकडच्या जासई गावचं बाळ आलं ते तीन दिवसांचं असताना. हळदीसारखं पिवळं. आईचं नाव रंजना, कोवळी पोर, पहिलं बाळंतपण. नवरा कंटेनरच्या यार्डात कामाला, तो यायचा तो ट्रेलरच्या रांगेत अडकून अडकून घामाघूम होऊन यायचा आणि काचेतून दोन मिनिटं बघून परत जायचा. खरी मुक्कामाला होती ती त्याची आई. ठेंगणी, काळीसावळी, काष्टा घातलेली, आयुष्यभर मिठागरात राबलेली. तळपायांना भेगा इतक्या की चालताना फरशीवर खरखर वाजायचं. ती सगळ्या सिस्टरांना 'बाय' म्हणायची, मलाही. मी तिला आजी म्हणायचे. पहिल्या दोन दिवसांतच आमचं जमलं. ती डब्यातली भाकरी मला द्यायची आणि मी खात नाही म्हटलं की म्हणायची, 'खा गो, अंगाव काय हाय तुज्या? वारा आला तर जाशील उरनला.'

पहिल्या टोचणीला त्या बाळाला सात मिळाले होते. साहजिकच पुढच्या वेळी मांडी आणि साखरपाणी. रंजना खाली यायची, कण्हत खुर्चीत बसायची, बाळ तिच्या पोटाशी धरलं जायचं. ते रडायचं, पण कमी. चार-पाच मार्क. सगळं ठीक चाललं होतं.

मग पाचवा दिवस आला.

आपल्याकडे पाचवीला सटवाईची पूजा करतात. पाट, तांदूळ, लिंबू, आणि एक कोरा कागद नि पेन. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. माझ्याही वेळी आईनं कागद ठेवला होता. शिकल्यासवरल्या घरांतसुद्धा ठेवतात, हसत हसत ठेवतात, पण ठेवतात. आजीचा प्रश्न निराळाच होता. बाळ इथं काचेच्या पेटीत, आणि पाट मांडायचा तिथं जासईला. तिनं दुपारी पिशवीतून लिंबू, तांदूळ, सगळं आणलं. म्हात्रे सिस्टरांनी जीभ चावली. 'आये, इथं नाय चालनार गो. दिवा लावशील, ऑक्सिजन हाय.' सिस्टर तिच्याच भाषेतल्या, म्हणून आजीनं फार वाद घातला नाही. पिशवी तशीच मांडीवर घेऊन ती काचेबाहेर बसून राहिली.

संध्याकाळची टोचणी होती. दिवे अजून लागले नव्हते. रंजनाला ताप भरला होता म्हणून ती खाली आली नाही, बाळाला टेबलावर घेतलं. त्या एका वेळेपुरतंच तसं होतं. मी नेहमीसारखी उभी राहिले. कपाळाकडे बघितलं. सिस्टरांनी टाच पुसली, टोचलं. बाळ जे किंचाळलं ते सांगता सोय नाही. सहा. सहज सहा. मी पेन टेकवलं आणि सवयीनं एकदा काचेकडे बघितलं.

आजी काचेला कपाळ लावून उभी होती. तिची नजर बाळावर नव्हती. माझ्या पेनावर होती.

दार अर्धवट उघडं होतं. ती आत आली नाही, उंबऱ्याशीच थांबली. अगदी हळू म्हणाली, 'बाय, तू लिवतंस?'

'हो आजी, कामच आहे ना माझं.'

'आज पाचवी हाय त्याची.'

मी म्हटलं, 'आजी, हे ते नव्हे. हा दवाखान्याचा कागद आहे.'

'जानतंय मी,' ती म्हणाली. 'मी काय येरी नाय. पन ती काय सोता येते का? ती कुनाचेबी हातान लिवते.' मग दोन्ही हात जोडून, माझ्याएवढ्या पोरीपुढे, 'चांगला लिव गो माजे बाय. मोठा आकडा नको लिवू.'

मोठा आकडा वाईट, हे तिला दोन दिवसांत कळलं होतं. व्हरांड्यातल्या आयांना सगळंच कळतं.

आता मी काय करायला हवं होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. सहा लिहायचे आणि तिला हसून 'चांगलं लिहिलंय' म्हणायचं. तिला कुठं वाचता येत होतं? पण ती पेनाकडे बघत होती. आकड्याचा आकार तरी तिला कळेल असं मला वाटलं. आणि खरं सांगू? मला ते आवडलं. बावीस वर्षांच्या पोरीपुढे एक म्हातारी बाई हात जोडून उभी आहे, तिच्या नातवाचं भलं माझ्या हातात आहे, याचा मला आतून एक गोड कढ आला. एवढ्यानं काय होतंय, असं म्हणून मी एक लिहिला. सातापैकी एक. उभी सरळ रेघ. वर पॅड फिरवून तिला दाखवलासुद्धा.

आजीनं काचेवर बोटं टेकवून ती कपाळाला लावली. मला म्हणाली, 'सुखी ऱ्हा.'

एकचा अर्थ पुढच्या वेळी टेबल. म्हणजे मांडी नाही, साखरपाणी नाही. तसं कार्ड बाळाच्या पेटीवर लागलं, मीच लावलं. सकाळी टेबलावर घेतलं. बाळ ओरडलं. आजी काचेशी उभी. आता मी सहा लिहिले असते तर मॅडमनी विचारलं असतं, रात्रीत एकाचे सहा कसे झाले? आणि आजीनं विचारलं असतं ते निराळंच. मी दोन लिहिले. संध्याकाळी पुन्हा दोन. रंजनाचा ताप उतरला होता, ती वर वॉर्डात बसून होती, तिला कुणी खाली बोलावलं नाही. तिला वाटलं, बाळाला बरं वाटतंय म्हणून बोलावत नसतील. तिनं मला जिन्यात गाठून विचारलं, 'ताई, आता रडत नाय का तो?' मी म्हटलं, 'नाही फारसा.' ती इतकी आनंदली.

पहिल्या दिवशी मी खोटं लिहिलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचं झाकायला लिहिलं. तिसऱ्या दिवशी मला खोटं लिहावंच लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी टाच धरली. दोन्ही टाचा तोवर ठिपक्याठिपक्यांनी भरल्या होत्या. पट्टी सोडल्यावर बाळानं डोळे उघडले. टाच पुसली गेली, स्पिरीटचा गारवा लागला, आणि त्याला कळलं. मी बघितलं, त्याला कळलं. सुईच्या आधीच त्यानं मुठी मिटल्या. सुई गेली. चेहरा सपाट. आवाज नाही. पाय सैल. डोळे टक्क उघडे, छताच्या ट्यूबलाइटकडे लागलेले. श्वास एका लयीत, पण वरवरचा. सिस्टर काचनळीत रक्त ओढत म्हणाल्या, 'बघ, शाना झाला आमचा बाबू.' स्टॉपवॉच टिकटिकत होतं. मी कागद भरला. चेहरा शून्य, रडणं शून्य, श्वास शून्य, हात शून्य, पाय शून्य, जाग शून्य. मुठी मिटल्या होत्या, पण कागदावर मुठींना रकाना नव्हता. हलतात का एवढंच विचारलेलं. हलत नव्हते. एकूण शून्य. एकेक आकडा खरा.

आजी बाहेर सगळ्यांना सांगत होती, 'माजा पोर रडतच नाय. गुनाचा हाय.' माझ्याकडे बघून तिनं दोन्ही हातांनी माझ्यावरून कडाकडा बोटं मोडली. म्हणजे माझी दृष्ट काढली तिनं. माझी!

त्या दिवशी दुपारी मी डबा तसाच ठेवला. मी पेटीपाशी जाऊन उभी राहिले. निळ्या उजेडात ते बाळ पट्टी बांधून पडलेलं. कुणीतरी जवळून गेलं, नुसती सावली पडली, तरी ते अंग आखडून घ्यायचं आणि वाट बघत राहायचं. रडायचं नाही. वाट बघायचं. सात दिवसांचं बाळ, त्याला आईच्या मांडीची ओळख होऊन मोडलेली. मी तिथून तडक मॅडमच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाल्या, 'कागद मी केलाय. गप्प झालेलं मूल त्याला कळत नाही, हा दोष माझा. पण तू तिथं उभी होतीस. तुला कळायला हवं होतं.' मग फोन उचलून वर वॉर्डात सांगितलं की जासईच्या बाळाच्या आईला संध्याकाळी खाली आणा.

संध्याकाळी रंजना आली. खुर्चीत बसली. बाळाला उघडं करून तिच्या गाऊनच्या आत, छातीशी दिलं. सिस्टरांनी जिभेवर दोन थेंब सोडले. त्यानं ओठ हलवले, एकदा, दोनदा. रंजना काहीतरी पुटपुटत होती, गाणं नव्हे, नुसतंच 'हा माजा, हा माजा.' सिस्टरांनी टाच बाहेर काढली. मी पॅड धरून उभी होते आणि उभ्या जन्मात कधी केली नसेल अशी प्रार्थना करत होते, की हे बाळ रडू दे. सुई गेली. काही नाही. एक सेकंद, दोन, तीन. मग भुवया हलल्या. मध्ये तो फुगवटा आला. आणि मग ते असं रडलं, असं रडलं की वरच्या मजल्यावरच्या बायका जिन्यात आल्या. तीन दिवसांचं सगळं एकदम. हात, पाय, श्वास, सगळं. रंजनाही रडायला लागली, सिस्टरांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, 'रड बाबा रड, आयला सांग सगला.' आईला सांगत होतं ते. टेबलाला काय सांगणार?

मी सात लिहिले. आकडा जरा मोठाच आला.

ही गोष्ट मी पुढे पुष्कळांना सांगितली. नवऱ्याला सांगितली, मैत्रिणींना सांगितली. रडायला कुणीतरी ऐकणारं लागतं, असं मी शेवटी म्हणते. लोकांचे डोळे पाणावतात. नवरा चिडवतो सुद्धा, 'आमच्याकडे बघून मार्क देऊ नकोस हं.' मी गोष्ट इथंच थांबवते. बाळ बरं झालं, दुसऱ्या दिवशी घरी गेलं, हेही खरंच आहे.

पण पोपटीचा वास येतो तेव्हा ते आठवत नाही. आठवतं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी बाहेर आले तेव्हा आजी व्हरांड्याच्या टोकाच्या बाकावर बसली होती. बाहेर कुणीतरी पाला जाळत होतं, धूर आत येत होता. तिनं मला बोलावलं. चेहरा उतरलेला. 'बाय, आज मोठा आकडा लिवलंस. मी बगितला. काय चुकला आमचा?'

मला तेव्हा मोकळं व्हायचं होतं. मॅडमना सांगून निम्मं ओझं उतरलं होतं, उरलेलंही उतरवायचं होतं, आणि समोर ती सापडली. मी तिच्या शेजारी बसून भडाभडा बोलले. मोठा आकडा म्हणजे वाईट नशीब नव्हे आजी, मोठा आकडा असला की बाळाला आईची मांडी मिळते. पाचवीच्या दिवशी त्याला सहा मिळणार होते. मी एक लिहिला. म्हणून दोन दिवस त्याला टेबलावर टोचलं. म्हणून ते रडायचं थांबलं. ते गुणाचं नव्हतं झालं, ते घाबरून गप्प झालं होतं. सगळं सांगितलं. एकही गोष्ट ठेवली नाही. माझे डोळे वाहत होते आणि मला आतून हलकं हलकं वाटत होतं.

आजी ऐकत होती. भेगाळलेल्या पायाचा अंगठा फरशीवर घासत होती. माझं बोलून झालं. मग तिनं माझ्याकडे तोंड वळवलं.

'म्हंजे मी सांगलं म्हनून?'

तिनं विचारलं आणि थांबली. नुसतं म्हणायचं म्हणून म्हणाली नव्हती. तिला उत्तर हवं होतं. तिच्या डोळ्यांत मी स्पष्ट बघितलं, ती माझ्या तोंडाकडे बघत होती, जशी तिनं पेनाकडे बघितलं होतं.

नाही आजी. एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही मागितलंत, लिहिलं मी. तुम्हाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. तीन वाक्यं. आज झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. गेली कित्येक वर्षं भांडी घासताना, बसची वाट बघताना मी ती म्हणत आले आहे.

त्या वेळी मी पदराशी चाळा करत राहिले आणि मान खाली घातली.

आजीनं थोडी वाट बघितली. मग 'बरा,' म्हणाली, बाकाचा हात धरून उठली आणि काचेकडे गेली.